विमानांची धुलाई

"कोणी धुतली?"

अप्पांचा हा प्रश्न सकाळी सव्वानऊ वाजता दिवाणखान्यात फुटला आणि जिन्यातून थेट तळमजल्यापर्यंत गेला. खालचा शिंपी मुळातच भित्रा. त्याने खिडकीतून मान वर करून कळवलं, "आम्ही नाही धुतली, अप्पा!"

सून तेव्हा टेबलावर ताटं मांडत होती. सहा ताटं. थोरले काका अकरा वर्षांनी या घरात जेवायला येणार होते, आणि उद्या ते समुद्रापलीकडे, मुलीकडे, कायमचे राहायला जाणार होते. कालपासून घरात सगळे एकमेकांशी इतके गोड बोलत होते की काहीतरी फुटणार हे तिला कळून चुकलं होतं. फक्त ते ताट असेल असं वाटलं होतं.

अप्पा काचेच्या कपाटासमोर उभे होते. कपाटात पाच फळ्या, फळ्यांवर एक्केचाळीस लष्करी विमानं, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाची. आणि सगळी कशी लख्ख.

लख्ख, हीच तर आग होती.

इतर लोक प्लॅस्टिकचे तुकडे जोडतात, विमान रंगवतात आणि थांबतात. अप्पा तिथून सुरुवात करायचे. पंपांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं आराखडे काढलेल्या माणसाला स्वच्छ विमान म्हणजे खोटं बोलणारं विमान वाटे. म्हणून विमान पुरं झालं की ते त्याला 'मळवत'. हा त्यांचाच शब्द. पेन्सिलीच्या शिशाची पूड करून धुराड्यामागे काजळी धरायची, पाण्यात पातळ केलेला काळा रंग पत्र्याच्या सांध्यांत सोडायचा, वैमानिक जिथे पाय देऊन चढतो तिथला रंग झिजवायचा. तीन केसांचा ब्रश, डोळ्याला भिंग, एका पंखाला पंधरा दिवस. खरी धूळ मात्र त्यांना कणभर चालत नसे. "खरी धूळ प्रमाणाबाहेर असते," ते म्हणत. "या विमानावर ती कलिंगडाएवढी दिसते." रोज सकाळी ते रबरी फुग्याने खरी धूळ उडवत आणि खोटी धूळ जिवापाड जपत.

त्या खोट्या धुळीवर वार्निशचा एक हात दिला असता तर ती पक्की बसली असती. पण वार्निशचं नाव काढलं की अप्पा पेटत. "वार्निश मारलेला मळ मेलेला दिसतो. मळ जिवंत पाहिजे." कोणीतरी भेट दिलेली वार्निशची बाटली वीस वर्षं कपाटाच्या तळाशी बिनउघडी पडून होती.

तर हा एक्केचाळीस विमानांचा, अडतीस वर्षांचा जिवंत मळ कोणीतरी भांड्यांच्या साबणाने धुऊन काढला होता. लिंबाचा वास येत होता.

"कोणी धुतली?" अप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं.

त्यात नवल नव्हतं. ती रुग्णालयात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायच्या विभागात होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने घरातले सगळे चमचे वीस मिनिटं उकळले होते. त्या पातेल्यात चिरंजीवांचा चष्मा कसा गेला हे अजून कोणाला कळलेलं नव्हतं. चिरंजीव म्हणजे तिचा नवरा. आत्या लहानपणी त्याला कौतुकाने चिरंजीव म्हणायची. त्याची तिसरी नोकरी सुटल्यावरही म्हणायची, कौतुक वगळून.

"मी नाही," सून म्हणाली.

"मी कोणावर आळ घेत नाही हं," आत्या सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणाली. ती अप्पांची धाकटी बहीण. आळ घ्यायच्या आधी नेहमी असंच म्हणायची. "पण काल अप्पा दिवसभर डोळ्यांच्या डॉक्टरकडे. सुट्टी कोणाला होती?"

"मला होती. दुपारी दोनपर्यंत मी घरी होते. मग बाजारात गेले. या घरात येऊन मला दोन वर्षं झाली, आत्या, त्या कपाटाला मी एक बोट लावलेलं नाही. दुरून बघायचं, श्वास धरून बघायचं, असं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि मी श्वास धरते!"

"अगं," चिरंजीव समजुतीच्या सुरात म्हणाले, "चुकून झालं असेल तर सांगून टाक ना. अप्पा काही खाणार आहेत का तुला?"

सुनेने सहावं ताट टेबलावर ठेवलं. हळू ठेवलं. तिला ते दुसरीकडे ठेवायचं होतं.

"चुकून कप फुटतो," ती म्हणाली. "चुकून एक्केचाळीस विमानांना आंघोळ घातली जात नाही. एकेक उचलून, घासून, पुसून, परत जागच्या जागी! आणि तू, तू माझ्या बाजूने बोलतोयस की त्यांच्या?"

"मी मधून बोलतोय."

"मध्ये कोणी उभं नाहीये. तिथे फक्त तू आहेस."

"गप्प बसा दोघं!" अप्पा गरजले. त्यांनी कपाट उघडून मधल्या फळीवरचं एक विमान काढलं. "बाकीची एक वेळ जाऊ दे. पण हे? आज दादा येणार आणि आजच हे?"

स्वयंपाकघरातला नळ वाहत होता तो बंद झाला.

ते एका पंख्याचं, पिवळं, शिकाऊ विमान होतं. घरात त्याचं नाव कोणी घेत नसे, 'ते' म्हणत. थोरले काका तरुणपणी हवाई दलात जमिनीवरचे मिस्तरी होते, आणि 'ते' त्यांच्या हाताखालचं विमान. एका सकाळी ते उडालं, इंजिनातलं तेल उडून समोरच्या काचेवर आलं, वैमानिकाला काही दिसेना. उतरताना विमान धावपट्टीबाहेर जाऊन उलटलं. वैमानिक वाचला, त्याचा पाय गेला. तेलाच्या टाकीचं झाकण घट्ट लावलं नव्हतं अशी कुजबुज झाली. चौकशी बसली आणि 'कारण निश्चित सांगता येत नाही' असं लिहून उठली. काका निर्दोष सुटले. नंतर त्यांनी ती नोकरी सोडली आणि आयुष्यभर शिलाईयंत्रं दुरुस्त केली.

अकरा वर्षांपूर्वी अप्पांनी ते विमान बनवलं आणि इंजिनाच्या पुढ्यातून मागे जाणारा, तेलाचा एक लांब काळा डाग त्यावर रंगवला. काका तेव्हा चहाला आले होते. त्यांनी डाग पाहिला, अर्धा कप तसाच ठेवला आणि चपला घालून गेले. सख्ख्या भावाचा गुन्हा काचेच्या कपाटात मांडून ठेवला, असं सगळ्या नात्यागोत्यात झालं. अप्पांनी कधी एका शब्दाने खुलासा केला नाही. "ज्याला विमान वाचता येतं त्याने वाचावं," एवढंच म्हणत.

"खरं सांगू?" आत्या एकदम सोफ्यावरून उठली आणि सुनेच्या शेजारी येऊन उभी राहिली. "गेला तो डाग ते बरंच झालं. पोरीने धुतलं ते चांगलंच केलं. मी हिच्या बाजूची आहे."

"मी धुतलं नाहीये!"

"असू दे गं. लाजतेस काय?"

आता तिला न केलेल्या गुन्ह्याबद्दल शाबासकी मिळत होती, आणि ती जास्त झोंबत होती. तिने अप्पांपुढे हात केला. "द्या ते इकडे."

"हात लावू नकोस!"

"अप्पा, दिवसाला चारशे हत्यारं माझ्या हाताखालून जातात. कोणत्या कात्रीला कोणी काय लावलं ते मी बघून सांगते. एकतर मला बघू द्या, नाहीतर माझं नाव घेणं बंद करा."

कारखान्यात तपासनिसापुढे मान तुकवायची सवय असलेल्या अप्पांनी, का कोण जाणे, विमान दिलं.

सुनेने ते खिडकीशी नेलं, उजेडात तिरकं धरलं, नाकाशी नेलं. मग कपाटातलं दुसरं एक बघितलं, तिसरं बघितलं.

"बाकीची नुसती धुतलीत," ती म्हणाली. "साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. हे घासलंय. दात घासायच्या ब्रशने, फक्त डाव्या बाजूला, गोल गोल. आणि इथे साबण नाही, स्पिरिट आहे. ज्याने केलं त्याला हा एकच डाग काढायचा होता. बाकीची चाळीस…" तिचा आवाज मंद झाला. "बाकीची चाळीस हे लपवायला धुतली."

घरात स्पिरिटची बाटली एकच होती. सासूबाई रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घेत, त्या बाटलीवर त्यांच्या अक्षरात 'हात लावू नये' असं लिहिलेलं होतं. सुनेने मान वळवली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या. सकाळपासून या बाईच्या तोंडून एक अक्षर फुटलं नव्हतं, आणि एरवी त्या बातम्या देणाऱ्यालाही मध्येच तोडत.

"बघताय काय?" सासूबाई म्हणाल्या. "मी धुतली."

"तू?" अप्पा म्हणाले. आवाज इतका बारीक आला की ते स्वतःच दचकले.

"दोन ते सहा. कंबरेचे टाके ढिले झाले माझे. एकच धुतलं असतं तर तुम्ही ओळखलं असतं, का धुतलं ते. म्हटलं सगळीच धुवावीत, म्हणजे वेडी म्हणाल, पण भांडण होणार नाही."

"भांडण होणार नाही!" अप्पांनी छताला सांगितलं.

"अहो, भाऊजी उद्या चालले. पुन्हा दिसतील न दिसतील. जाताना शेवटचं जेवण त्या डागाकडे बघत गिळायचं त्यांनी? अकरा वर्षं मी गप्प बसले. नवरा विमानं मळवतो म्हणून गप्प, भावाला मळवतो तरी गप्प. किती गप्प बसायचं?"

"आणि मघापासून मी इथे शिव्या खातेय त्याचं काय?" सुनेचा आवाज चढला. "तेव्हाही गप्पच बसलात की!"

सासूबाई जरा ओशाळल्या. "म्हटलं तुला सवय आहे. चमच्यांपासून."

"मला माफी पाहिजे. सगळ्यांची. एकेकाची."

"रांगेत उभी राहा!" अप्पा ओरडले. "आधी माझी विमानं! आणि तुम्ही सगळ्या शहाण्या बायांनो, तुम्हाला काय वाटतं, तो डाग म्हणजे…"

दारावरची घंटा वाजली. ठरल्या वेळेच्या अडीच तास आधी. काका आयुष्यात एकदाच उशिरा गेले होते, ते लग्नाला, स्वतःच्या.

चिरंजीवांनी दार उघडलं. काका उंच, वाकलेले, हातात छत्रीसारखी धरलेली काठी. त्यांनी कोणाला 'कसे आहात' विचारलं नाही. चष्मा बदलला आणि थेट कपाटाशी गेले. मधल्या फळीवरची रिकामी जागा पाहिली. मग सुनेच्या हातातलं विमान पाहिलं.

"आण," ते म्हणाले. सुनेने दिलं. त्यांनी ते डाव्या कुशीवर वळवलं.

"डाग कुठे गेला?"

"मी पुसला, भाऊजी," सासूबाई घाईने म्हणाल्या. "चुकलंच यांचं. तुम्ही मनात…"

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" काका असे खेकसले की सासूबाई एक पाऊल मागे सरल्या. "मी तेवढ्यासाठी आलोय! जायच्या आधी त्या डागाचा निकाल लावायचा म्हणून आलोय, आणि तुम्ही डागच पुसून बसलात?"

"दादा, हिच्यावर ओरडू नकोस," अप्पा ओरडले. "ओरडायचं तर माझ्यावर ओरड! अकरा वर्षं फुगून बसलास. मला वाटायचं तू तरी वाचशील. अरे, टाकीचं झाकण कुठे असतं त्या विमानाला?"

"उजवीकडे."

"आणि मी डाग कुठे काढला?"

"डावीकडे."

"डावीकडे काय असतं?"

"तेलाची नळी."

"मग!" अप्पा लाल झाले होते. "नळी फुटली तर दोष बनवणाऱ्याचा. मिस्तरीचा नाही! अकरा वर्षं मी कपाटात लावून सांगतोय की माझ्या भावाचा दोष नव्हता. हे सगळे अडाणी आहेत, यांना डावं-उजवं कळत नाही. पण तू? तुलाही नाही कळलं?"

सासूबाईंनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं, साबणाने सुरकुतलेल्या.

"कळलं की," काका म्हणाले. "बघताक्षणीच कळलं. म्हणून तर उठून गेलो."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? चौकशीवाल्यांनी सोडलं. साहेबांनी पाठ थोपटून सोडलं. तो वैमानिक, पाय गेलेला, त्याने पत्र लिहिलं, 'तुमची चूक नसावी.' सगळे सोडत सुटले! म्हटलं एक भाऊ आहे, रिव्हेट मोजून लावणारा. तो तरी पकडेल. आणि तू? तू माझ्यासाठी नळी फोडलीस! मला विचारलंस? एकदा तरी?"

"कशाला विचारू? मला माहीत होतं ना तू…"

"काय माहीत होतं तुला? ब्रश आण!"

"दादा…"

"ब्रश आण म्हणतो ना!"

तीन केसांचा ब्रश या घरात कोणालाच मिळत नसे. चिरंजीवांनी सातव्या वर्षी तो घेतला होता त्याचे वळ आत्याला अजून आठवत होते. अप्पांनी खणातून तो ब्रश काढला, काळा रंग पातळ केला आणि पुढे ठेवला. चिडून ठेवला, पण ठेवला.

काकांनी टेबलावरचं सहावं ताट बाजूला सारलं. विमान उजव्या कुशीवर वळवलं. झाकणाचं ते एवढंसं वर्तुळ शोधलं आणि तिथून एक काळी रेघ ओढली. हात म्हातारा होता, पण यंत्रांवर वाढलेला होता. रेघ झाकणापासून निघून सरळ खाली, पोटाकडे गेली.

अप्पांना राहवेना. माणूस कितीही हादरला तरी त्याचा धंदा हादरत नाही. "चुकलं," ते म्हणाले. "खाली नाही येत तेल. वाऱ्याने मागे ओढलं जातं. शेपटीकडे. उडणाऱ्या विमानाचा डाग आडवा असतो."

"उडणाऱ्याचा," काका म्हणाले.

त्यांनी ब्रश ठेवला नाही. रेघेच्या टोकाला, पोटाच्या खाली, एक थेंब काढला.

सगळ्यात आधी अप्पांना कळलं. सुनेने ते त्यांच्या चेहऱ्यावर कळताना पाहिलं. तिने आजवर ऑपरेशन थिएटरबाहेरच तसे चेहरे पाहिले होते.

"उभं होतं?" अप्पांनी विचारलं.

"उभं होतं. उडायच्या आधी. सकाळी सात वाजता." काका विमानाकडेच बघत होते. "त्या दिवशी मोठ्या साहेबांची फेरी होती. सगळं चकचकीत पाहिजे, असा हुकूम. मी पाहिलं, झाकणाखाली तेल ओघळलंय. खिशातून फडकं काढलं. पुसलं. लख्ख केलं. झाकण बघायचं राहिलं. साहेब आले, म्हणाले, शाबास, काय स्वच्छ विमान आहे."

सासूबाईंच्या हातातला नॅपकिन खाली पडला आणि त्यांनी तो उचलला नाही. या घरात पडलेली वस्तू तशीच राहिल्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

"इतकी वर्षं," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा चढायला लागला, कारण त्यांना दुसरं काही येत नव्हतं. "इतकी वर्षं मी लोकांशी भांडलो तुझ्यासाठी! कारखान्यात एकाची कॉलर धरली होती! माझ्या लग्नात मामा काही बोलला तर भर मांडवात त्याला हाकलला! आणि तू… तू शिलाईयंत्रं दुरुस्त करत बसलास!"

"शिलाईयंत्र पडत नाही," काका म्हणाले.

अप्पांनी विमान हिसकावून घेतल्यासारखं घेतलं, भिंग लावलं आणि ती रेघ खूप वेळ पाहिली. आता ते पुसणार, असं चिरंजीवांना वाटलं. फेकणार, असं आत्याला वाटलं. सुनेला काहीच वाटलं नाही. तिला अजून माफी मिळाली नव्हती.

"रेघ जाड आलीय," अप्पा शेवटी म्हणाले. "खरं तेल इतकं जाड ओघळत नाही. पण राहू दे." मग सुनेकडे न बघता, त्याच रागीट आवाजात: "ते खालच्या खणातलं वार्निश काढ."

"वार्निश?" सासूबाई आणि आत्या एकदमच म्हणाल्या.

"बहिऱ्या झालात का? वार्निश! आणि विमान तू धर गं. पंखाला नाही, नाकाला धर. या घरात हात धुतलेली तू एकटीच आहेस."

ही माफी आहे हे सुनेला कळायला थोडा वेळ लागला. पुरेशी नव्हती. उरलेली ती नंतर वसूल करणार होती, एकेकाकडून, आणि यादीत पहिलं नाव नवऱ्याचं होतं. पण तिने विमान धरलं. श्वास न धरता धरलं.

वीस वर्षांचं झाकण चिरंजीवांना उघडलं नाही. आत्याने गरम पाणी सुचवलं. काकांनी बाटली घेतली, अंगठ्याने एकदा दाबली आणि काही न झाल्यासारखी उघडली. अप्पांनी एकच हात दिला, डावीकडे नाही, पंखावर नाही, त्या रेघेवर आणि त्या थेंबावर. वार्निश ओलं असताना डाग चमकला, मग हळूहळू मंद झाला. मेलेला दिसत नव्हता.

"आता हे मी धुणार नाही," सासूबाई कोणी न विचारता म्हणाल्या.

"धुतलं तरी जाणार नाही," अप्पा म्हणाले. "जेवायला वाढ. चाळीस विमानं मळवायची आहेत मला, आणि डॉक्टर म्हणतो डोळ्यांना विश्रांती द्या!"

काकांनी बाटलीचं झाकण लावलं. पिळलं. बोटाने चाचपून पाहिलं, पुन्हा पिळलं. सगळे टेबलाशी बसले, ताटं फिरली, पाणी ओतलं गेलं, आणि काका तिथेच कपाटाजवळ उभे राहून झाकण पिळत होते. 'पुरे' असं त्यांना कोणी म्हणालं नाही.

ती बाटली त्यानंतर आजतागायत कोणाला उघडता आलेली नाही.